पंधरा हजारांत राजदूत

जुनी बाइक असणं सध्या जाम 'इन' आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगेत एखादी येझदी किंवा आरएक्स 100 उभी दिसली, की लोक लिफ्ट सोडून तिच्याभोवती जमतात. मग लंच टाइमला प्रश्नांची सरबत्ती. कुठून आणलीस? कितीला पडली? मायलेज काय देते? (शेवटच्या प्रश्नाला नुसतं हसायचं असतं.)

घोडं अडतं ते बजेटपाशी. या दोन्ही गाड्यांचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं आणि आता चांगल्या कंडिशनमधल्या गाडीचा भाव ऐकला की ईएमआयवर जगणाऱ्या आपल्यासारख्याला घाम फुटतो. म्हणून माझा फंडा सोपा आहे. विकत घ्यायच्या आधी घरचा गोठा बघा.

माझी सापडली दिंद्रुडला. बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातलं आमचं गाव. आजोबांची 1992 ची राजदूत 175, कडब्याच्या गंजीला टेकून उभी. राजदूत म्हणजे फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. 1962 पासून बनायला लागली, मूळ डिझाइन पोलंडच्या एसएचएल एम 11 चं. 'बॉबी'मधल्या ऋषी कपूरमुळे तिचा छोटा भाऊ, जीटीएस, स्टार झाला. पण खेड्यात हिला ग्लॅमर कधीच नव्हतं. दुधाचे कॅन, पेंडीची पोती, बाजाराला निघालेलं अख्खं कुटुंब, सगळं हिच्यावरून गेलं.

पुण्यातल्या एका गॅरेजने 'फुल रिस्टोरेशन'चे सत्तर हजार सांगितले. माझ्याकडे होते वीस. त्यातले पाच कागदपत्रांसाठी बाजूला काढले, उरले पंधरा. आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, "कशाला उगं पैसे घालायलास? भंगारवाला दारात येऊन मागायलाय." मी म्हटलं, "अण्णा, आधी मिस्तरींना तर दाखवू."

कागद आधी, क्रोम नंतर

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. कागद मेले की गाडी भंगारातच जाते. आजोबा 2019 मध्ये गेले, गाडी अजून त्यांच्याच नावावर. वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 आणि मृत्यूचा दाखला लागतो. रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलची ही फी ऑगस्ट 2025 पासून दोन हजार रुपये झाली आहे. वर राज्याचा पर्यावरण कर, थर्ड पार्टी इन्शुरन्स, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. गाडी आरटीओत दाखवावी लागते, त्यामुळे टेम्पोचं भाडंही धरा.

'व्हिंटेज'च्या मोहात पडू नका. 2021 च्या नियमानुसार तो दर्जा पन्नास वर्षांवरच्या गाडीलाच मिळतो, नवी नोंदणी वीस हजारांची, आणि नंतर ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आमच्या राजदूतला तसंही 2042 पर्यंत थांबावं लागेल!

पंधरा हजारांचा हिशेब

आमचे मिस्तरी साठी ओलांडलेले. त्यांनी गाडीला किक मारून पाहिली, कान लावला आणि म्हणाले, "अण्णा, हिला दम नाही ऱ्हायला. पण मेलेली नाही."

पहिला खर्च ब्रेक आणि टायरचा. पळण्याआधी थांबता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. टायर-ट्यूबचे 3,200. ब्रेक शू, क्लच प्लेट आणि सगळ्या केबलचे 1,900. मग इंजिन. माजलगावला बोअर मारून आणला, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकल्या, क्रँकची ऑइल सील बदलली. हे सील विसरू नका. टू-स्ट्रोकमध्ये ते गळालं की इंजिन जास्तीची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टनही चिकटतो. सगळे मिळून 4,200.

टाकी धुणं, कार्बोरेटर किट, पेट्रोलचा पाइप आणि फिल्टर, 900. ही रक्कम छोटी, पण काम मोठं. आमच्या भागात ऊस म्हणजे जीव की प्राण, शेजारच्या तेलगावला साखर कारखाना आहे. त्याच उसापासून होणारं इथेनॉल आता देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. शेतकऱ्याला ते बरं, पण 1992 च्या रबराला नाही. जुना पाइप आणि वॉशर फुगतात, भेगाळतात. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषून घेतं, त्यामुळे गाडी उभी राहिली की टाकीत गंज धरतो. म्हणून इथेनॉल सोसणारा पाइप टाका. महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

शेवटचे 2,800 बारा व्होल्टचे. राजदूतची मूळ वायरिंग सहा व्होल्टची, हेडलाइट म्हणजे देवघरातलं निरांजन. पुण्यात यासाठी स्पेशालिस्ट शोधत बसलो असतो. दिंद्रुडला मिस्तरी शेजारच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात घेऊन गेले. शेतातले पंप भरणाऱ्या त्याच माणसाने मॅग्नेटोची कॉइल पुन्हा भरून दिली. सोबत रेग्युलेटर-रेक्टिफायर, छोटी बॅटरी, बल्ब आणि हॉर्न नवे. मिस्तरींची मजुरी दोन हजार. टोटल पंधरा हजार, बरोबर!

न केलेलं अपग्रेड

माझ्या मनात पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं होतं. मिस्तरींनी विचारलं, "रात्री शेताच्या रस्त्यावर बंद पडली तर काय करचाल?" पॉइंटवर काजळी धरली तर पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरतो. इलेक्ट्रॉनिक युनिट गेलं की पार्सल यायची वाट बघा. मी ऐकलं आणि पॉइंट ठेवले.

हाच या सगळ्या खटाटोपातला खरा धडा आहे, आणि तो तुमच्या येझदीला, बुलेटलाही लागू होतो. गाडी जिथे राहते तिथे जे दुरुस्त होतं, तेवढंच अपग्रेड करा. पुण्यात राहणार असेल तर नाना पेठेतले स्पेअर पार्ट हाताशी आहेत, मग इलेक्ट्रॉनिक इग्निशन खुशाल बसवा. खेड्यात राहणार असेल तर रिवाइंडिंगवाला आणि पॉलिश पेपर हेच तुमचं सर्व्हिस सेंटर.

आणि फटफट करणारा सायलेन्सर? विसरा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. रंग बदललात तरी आरसीवर नोंद करून घ्या. आम्ही रंगाला हातच लावला नाही. टाकीवर दुधाच्या कॅनने पडलेले ओरखडे तसेच आहेत.

गाडी आता दिंद्रुडलाच असते. अण्णा सकाळी शेतात घेऊन जातात आणि भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवतात.

मला काळजी आहे ती वेगळीच. मिस्तरींचा मुलगा चाकणला एका कंपनीत आहे, नव्या गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर. कान लावून इंजिनाचा दम ओळखणारं दुकानात दुसरं कोणी नाही. पार्ट नाना पेठेत मिळतील, हा कान कुठे मिळणार? म्हणून यंदा दोन दिवस दुकानात बसून पॉइंटचा गॅप कसा लावायचा, कार्बोरेटर कसा खोलायचा ते स्वतःच्या हाताने शिकलो, आणि त्यांच्या परवानगीने मोबाइलवर शूटही केलं.

दिवाळीला गावी जाणार असालच. गोठ्यातली गाडी बघा, आरसीवरची तारीख बघा. आणि तुमच्या गावचे मिस्तरी अजून दुकान उघडत असतील, तर फराळाचा डबा घेऊन एक दिवस त्यांच्या शेजारी बसा.