आधी मर्यादा, मग नकाशा



नवी जोडपी घर बांधायला काढतात तेव्हा आधी नकाशा करून घेतात आणि मग त्याला पुरेल एवढं कर्ज शोधतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचीच मर्यादा आधी सांगितली आहे. ती फक्त स्वाध्यायापुरती कशाला ठेवायची?

दोघं कमावत असली तरी हप्ता एकाच्याच पगारात बसला पाहिजे. उद्या बाळ झालं, सासूबाई आजारी पडल्या, तर नोकरी सोडायची वेळ बहुधा सुनेवरच येते.

८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी ५ लाख जादा घेतले, तर हप्ता महिना सुमारे ४,३४० रुपयांनी वाढतो आणि एकूण परतफेड १० लाखांच्या वर जाते. पीओपीचं छत एवढ्या मोलाचं आहे का?

पाया, सळई, पाण्याची टाकी यांत मात्र काटकसर नको. स्वयंपाकघराची खिडकीही मोठीच हवी. धान्य निवडायला, पाणी गाळायला, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायला उजेड लागतो. शिवाय अंदाजाच्या १० टक्के रक्कम बाजूला ठेवा, कारण बांधकामात खर्च वाढतोच. वरचा मजला पुढे चढवायचा असेल, तर पाया आणि कॉलम आत्ताच तसे घ्या.

गृहप्रवेशाला कुणी घर लहान म्हणेल. म्हणू दे. पाहुणे जेवून जातील, हप्ता आपल्याला भरायचाय.