जबड्याच्या सांध्याला विसावा
कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जो सांधा हलताना जाणवतो, त्यात खालचा जबडा आणि कवटी यांच्यामध्ये एक चकती, म्हणजे घर्षण रोखणारी लवचीक गादी, असते. तो कानाला इतका लगटून आहे की त्याचे दुखणे पुष्कळदा कानदुखीच समजले जाते, आणि १९३४ साली कानाच्या तक्रारींचा या सांध्याशी संबंध जोडणारे अमेरिकेतील जेम्स कॉस्टेन हेही कान-नाक-घशाचेच डॉक्टर होते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात गुळाच्या पेठेने नावारूपाला आलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत, या सांध्याला विसावा देण्यासाठी ऊस दातांनी सोलू नका आणि मटणाची नळी फोडू नका, असे सांगणे म्हणजे मोठेच धाडस. तरीही ज्याचा जबडा दुखतो त्याने काही आठवडे हे सोडलेच पाहिजे; नाहीतरी पांढऱ्या रश्श्यात कुस्करलेली भाकरीही तितकीच कोल्हापुरी असते. झोपेत दात खाण्याने आणि दिवसा ते आवळून धरण्याने चर्वणस्नायू, म्हणजे चावण्याचे स्नायू, थकतात. म्हणून ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवावेत, गालाला कोमट शेक द्यावा, गरज पडल्यास दंतवैद्याकडून रात्री दातांवर बसवायची पट्टी करून घ्यावी, आणि बहुतेकांचे दुखणे एवढ्यानेच शमत असल्याने शस्त्रक्रियेची घाई मुळीच करू नये.