बुऱ्हाणपूरचा राहता ताजमहाल

भुसावळहून खांडव्याकडे निघालं की रावेर मागे पडतं आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येतं. राज्य बदललेलं असतं, पण मराठी कानावर पडायची थांबत नाही. या गावात एका शिक्षणसंस्थाचालकांनी पत्नीसाठी घर बांधलं आणि ते हुबेहूब ताजमहालाच्या रूपात उभं केलं. २०२१ साली ते पूर्ण झालं, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रं आली. मिनारांसकट नव्वद फूट लांब आणि तेवढंच रुंद, घुमट एकोणतीस फुटांचा. आत चार झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, ग्रंथालय, ध्यानाची खोली. फरशीला मकराण्याचा संगमरवर, जडावकामाला आग्र्याचे कारागीर. तीन वर्षं काम चाललं. मालकांना आधी ऐंशी फूट उंच घर हवं होतं, त्याला परवानगी मिळाली नाही, म्हणून ताजमहालाचा विचार पुढे आला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं.

अशा घराची बातमी आली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. कबरीच्या आकाराच्या घरात माणसानं राहायचं कसं, हे पहिलं. नकलेत कसलं कौतुक, हे दुसरं. दोन्ही आक्षेप मला मान्य नाहीत, आणि त्याचं कारण बुऱ्हाणपुरातच आहे.

ज्या मुमताज महलसाठी शाहजहाननं ताजमहाल बांधला, ती बुऱ्हाणपुरात वारली. तो दख्खनच्या मोहिमेसाठी इथे तळ देऊन होता. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात तिचा मृत्यू झाला. तापीच्या पलीकडे जैनाबादला आहुखाना नावाची शाही बाग आहे, तिथे तिला तात्पुरतं दफन केलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिचा देह आग्र्याला हलवला गेला. ताज बुऱ्हाणपुरातच व्हायचा होता, पण इथल्या मातीला वाळवी फार, असं स्थानिक लोक सांगतात. ते खरं की खोटं, हा वाद बाजूला ठेवू. आहुखाना होता हरणं राखायचा आणि विसाव्याचा बगीचा. म्हणजे राजघराण्याच्या करमणुकीची जागा एका मरणानं कबरस्थान झाली. तीनशे नव्वद वर्षांनी त्याच गावात कबरीच्या रूपाचं राहतं घर झालं.

हा उलटा प्रवास दिसतो तेवढा विचित्र नाही. ताजमहालाचा आतला नकाशा पाहा. मधे अष्टकोनी दालन, चार कोपऱ्यांत लहान अष्टकोनी खोल्या, बाजूंना कमानीची दालनं. या रचनेला ‘हश्त बिहिश्त’ म्हणतात. इराणात इस्फहानला याच नावाचा महाल आहे, सतराव्या शतकातला, आणि तो विश्रांतीसाठी, राहण्यासाठी बांधलेला. मुघलांनी कबरीसाठी राहत्या वास्तूचाच नकाशा वापरला, कारण मेलेल्या माणसालाही सुंदर घर द्यायचं होतं. तेव्हा त्या नकाशात पुन्हा चूल पेटली, तर त्यात अशुभ काय? उलट खरं कसब इथेच लागतं. कबरीच्या वास्तूला मोरी लागत नाही, सांडपाण्याचे नळ लागत नाहीत, अन्न शिजल्याचा धूर कुठून काढायचा हा प्रश्न पडत नाही. ताजच्या मोठ्या घुमटाखाली आतलं छत वेगळं आहे, दोन्हींच्या मधे नुसती पोकळी. बाहेरून डौल दिसावा म्हणून तिथे एवढी जागा रिकामी ठेवणं परवडलं. राहत्या घरात प्रत्येक फुटाचा हिशेब लागतो. शिवाय बाहेरून चारही बाजू सारख्या दिसायला हव्यात, आणि तरी एका बाजूला स्वयंपाकघराची खिडकी यायला हवी! ज्यांनी ही गाठ सोडवली, त्या अभियंत्याचं आणि गवंड्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता नकलेची गोष्ट. या घराच्या अभियंत्यानं आग्र्याबरोबर औरंगाबादचा बीबी का मकबराही जाऊन अभ्यासला. औरंगजेबाची बेगम दिलरास बानूची ती कबर, १६६० च्या सुमाराची. तिला ‘गरिबाचा ताज’ म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं गेलं, तरी आज मराठवाड्याला ती आपली वाटते. बुऱ्हाणपूरचंच पाहायचं तर अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याची काळ्या दगडाची कबर ताजहून जुनी आहे, पण लोक तिला ‘काला ताजमहल’ म्हणतात. शाहजहानचा मुलगा शाहशुजा याच्या बेगमेच्या कबरीचा आकार खरबुजासारखा, म्हणून ती ‘खरबूजा महल’. ज्या गावाला चार शतकं विक्षिप्त घुमट पाहायची सवय आहे, तिथे असं घर उठून दिसतं, परकं वाटत नाही.

आपल्या मनातली वास्तू हट्टानं उभारणारे इतरत्रही झाले. फ्रान्समधल्या ओतरीव गावच्या फेर्दिनां शव्हाल या पोस्टमननं टपाल वाटताना वेचलेल्या दगडांतून १८७९ पासून तेहतीस वर्षं एक महाल बांधला. गाव त्याला वेडा म्हणे. १९६९ मध्ये सरकारनं तो राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केला. बुलंदशहराकडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरनंही गेलेल्या बायकोसाठी छोटा ताज उभारायला घेतला होता.

अशी घरं लोकांना ओढतात, कारण त्यांत कुणीतरी स्वतः काही ठरवलेलं दिसतं. आपल्या खानदेशातली जुनी धाब्याची घरं एकमेकांसारखी होती; पण ते सारखेपण ऊन, माती आणि लाकूड यांनी ठरवलं होतं. आज जळगावपासून बुऱ्हाणपूरपर्यंत नव्या वसाहतींतल्या इमारती सारख्या दिसतात, ते बिल्डरच्या नकाशामुळे. जन्माची कमाई घालून माणूस घर घेतो आणि खिडकी कुठे असावी हे त्याला कुणी विचारतही नाही. त्यात लोकांची चूक नाही. कर्ज, चटईक्षेत्राचे नियम आणि जमिनीचा भाव यांनी हात बांधलेले असतात. बुऱ्हाणपूरच्या मालकांकडे पैसा होता, मोकळी जागा होती. ज्याच्याकडे दोन खोल्याच आहेत त्यानंही निदान ओटा, जाळी, दाराचा रंग आपल्या मनानं निवडावा, आणि सोसायटीनं त्याला नोटीस धाडू नये, एवढं मला फार निकडीचं वाटतं.

या घरासमोर फोटो काढायला लोक येतात, लग्नाआधीचं छायाचित्रणही होतं, आणि मालक कुणाला हटकत नाहीत. त्या गर्दीला माझी एक विनंती आहे. तापी ओलांडून जैनाबादलाही जा. मुमताजला जिथे सहा महिने ठेवलं, त्या आहुखान्याकडे पाहुणे क्वचितच वळतात. नव्या ताजच्या निमित्तानं गावात येणारे लोक तिथे पोचले, तर प्रशासनालाही रस्ता, पाटी आणि राखणदार यांचा विचार करावा लागेल.