फाईल अशिलाची, ती अशिलाला द्या

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा. त्याचं तेरावं कलम सांगतं की वकिलामार्फत बाजू मांडणं हा इथे कुणाचाही हक्क नाही; गरज वाटली तर न्यायालय एखाद्या कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकतं. नवरा-बायकोने आपलं म्हणणं आपणच सांगावं, ही या न्यायालयाची मूळ मांडणी. मग "वकील बदलायचा नाही, मीच उभी राहते" म्हणणाऱ्या बाईला खिडकीवर "आधी जुन्या वकिलांची ना हरकत आणा" असं कशाच्या आधारावर सांगतात?

मला तेच सांगितलं. मी पतसंस्थेत कारकून आहे, मुलगी माझ्याजवळ असते, अंतरिम पोटगीचा अर्ज माझा. "तुम्ही रजा घेऊन येऊ नका, मी बघतो," असं वकीलसाहेब दर तारखेला सांगायचे. पुढे ते फोन उचलेनासे झाले, म्हणून मी रोजनाम्याची नक्कल काढली. पानामागून पान तीच नोंद: अर्जदार व वकील गैरहजर. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघायला हवा. माझ्या अर्जावर एकदाही युक्तिवाद झाला नव्हता. ना हरकत मागायला गेले तर उत्तर मिळालं, आधी उरलेली फी, मग फाईल.

हे बेकायदा आहे. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० साली दिला आहे. फीसाठी वकील वेगळा दावा लावू शकतो. फाईल अडवणं हे गैरवर्तन ठरतं. ना हरकतीचंही तसंच. आधीच्या वकिलाची संमती घ्या, ती नसेल तर न्यायालयाची परवानगी घ्या, हा बार कौन्सिलचा नियम नव्याने येणाऱ्या वकिलासाठी आहे. दावा जिचा आहे ती बाई नव्याने कुठून येणार? दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वकीलपत्र रद्द करायला अशिलाच्या सहीचा लेखी अर्ज आणि न्यायालयाची परवानगी लागते. मी तसा साध्या मराठीत एक पानी अर्ज लिहिला, रजिस्टर पोस्टाने वकिलांना प्रत पाठवली आणि पोचपावती जोडली. न्यायाधीश मॅडमनी तो वाचला आणि मंजूर केला.

खरं काम त्यानंतरचं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं असतं. माझ्या दाव्यात ते दाखलच नव्हतं. त्याचा नमुना मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला. घरभाडं, शाळेची फी, रिक्षावाल्या काकांचे महिन्याचे पैसे, मुलीच्या दम्याचा पंप, गणवेश. एकही आकडा कुणाला विचारावा लागला नाही, कारण ते सगळे माझ्या हातूनच खर्च होतात. पुढच्या तारखेला मॅडमनी विचारलं, "पंप महिन्याला किती लागतात?" मी तिथल्या तिथे सांगितलं आणि औषधांच्या दुकानाच्या पावत्या पुढे केल्या. वकिलांना हे माझ्याकडूनच विचारून घ्यावं लागलं असतं, आणि त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

सगळ्यांनी वकील सोडावेत असं माझं म्हणणं नाही. मन लावून काम करणारे वकील मी त्याच न्यायालयाच्या व्हरांड्यात पाहिलेत. उलटतपासणी हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, समोरच्याच्या पगाराच्या कागदांतून खरी रक्कम बाहेर काढणं तर फारच. त्या टप्प्यावर मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागणार आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला तो मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. खिडकीवर ही माहिती कुणीही दिली नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कौटुंबिक न्यायालयाच्या खिडकीवर वकीलपत्र रद्द करण्याचा छापील मराठी अर्ज ठेवा. शपथपत्राचा नमुना आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीचा पत्ता त्याच खिडकीवर लावा. आणि ना हरकतीसाठी बायकांना त्याच वकिलाच्या दारात परत पाठवणं बंद करा.