सायलेन्सरचा पाइप किती इंची असावा?

व्यापारी घराण्यांमध्ये वारसा म्हणून केवळ पेढी, वाडा आणि चोपड्याच येतात असे नाही. क्वचित एखादी जुनी मोटारही येते. आजोबांनी हौसेने घेतलेली, वडिलांनी जपलेली आणि नातवाने गोदामातून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणलेली. रविवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशीच्या जलाशयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशा मोटारी अधूनमधून दृष्टीस पडतात. अशा मोटारीत सर्वांत आधी कुजणारा भाग म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारा पाइप. तो बदलण्याची वेळ आली की मिस्त्री एकच प्रश्न विचारतो : ‘किती इंची घालू?’ आणि बहुतेक तरुण मालक एकच उत्तर देतात : ‘मोठ्यात मोठा घाला.’ हे उत्तर हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही.

जुन्या अमेरिकन मोटारींचा महाराष्ट्राशी असलेला संबंध वाचकांना अभिमान वाटावा असा आहे. १८८२ मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज आणि प्लिमथ ही नावे त्यामुळेच आपल्याकडील जुन्या पिढीच्या परिचयाची झाली. पुढे याच कारखान्यातील फियाट आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी घरोघरी पोहोचली. अमेरिकेत मात्र १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून एक निराळीच चाल पडली. मध्यम आकाराच्या गाडीत प्रचंड व्ही-८ इंजिन बसवायचे. याच गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. त्यांचा घोगरा, जाड आवाज चित्रपटांतून ऐकलेला तरुण आपल्या घरच्या फियाटलाही तोच आवाज मागतो. चूक येथूनच सुरू होते.

पाइपचे काम काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळाल्यानंतर उरलेला तप्त वायू बाहेर पडला नाही, तर नव्या मिश्रणाला आत जागा मिळत नाही. पाइप अरुंद असेल तर वायू तुंबतो, इंजिन गरम होते आणि त्याची शक्ती घटते. येथपर्यंत सर्वांना समजते. ध्यानात येत नाही ती दुसरी बाजू. वेगाने बाहेर धावणारा वायू आपल्यामागे कमी दाबाची पोकळी निर्माण करतो आणि सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून घेण्यास साह्य करतो. पाइप गरजेपेक्षा फार रुंद असला की वायूचा वेग मंदावतो, तो लवकर थंड होतो आणि ही ओढ क्षीण होते. त्याचा परिणाम इंजिनाचे फेरे कमी असताना, म्हणजे चढावर आणि गर्दीत, अधिक जाणवतो. ‘इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच’ असे गॅरेजमध्ये सांगितले जाते, तेही अचूक नाही. इंजिनाला अडथळा नको असतो, वेग हवा असतो.

बँकेत ज्यांनी कॅश क्रेडिट खाते चालवले आहे, त्यांना हे तत्त्व नवे नाही. मर्यादा अपुरी असेल तर धंदा गुदमरतो. ती गरजेपेक्षा मोठी असेल तर पैसा सुस्तावतो आणि भलतीकडे वळतो. म्हणूनच लघुउद्योगांसाठी नायक समितीने अपेक्षित उलाढालीच्या किमान २० टक्के खेळते भांडवल असे सूत्र दिले. मर्यादा उलाढालीवरून ठरते, दुकानाच्या पाटीवरून नव्हे. पाइपचेही तसेच आहे. मुळशीच्या जलाशयाचे पाणी १९२७ पासून सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याच्या वीजगृहात नेले जाते. तेथील पोलादी नळांचा व्यासही किती पाणी किती वेगाने उतरवायचे याच्या गणितावरूनच ठरतो.

मोटारीसाठी जाणकार एक ढोबळ सूत्र वापरतात. एका अश्वशक्तीमागे दर मिनिटाला सुमारे २.२ घनफूट वायू वाहून जाण्याची सोय असावी आणि सरळ पाइपच्या प्रत्येक चौरस इंच छेदातून दर मिनिटाला सुमारे ११५ घनफूट वायू सुखाने जातो असे धरावे. आता फियाटचा हिशेब मांडू. तिच्या १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. चाळीस गुणिले २.२ म्हणजे ८८ घनफूट. त्याला ११५ ने भागले की पाऊण चौरस इंचाहून किंचित अधिक छेद येतो, म्हणजे आतला व्यास जेमतेम एक इंच. दीड इंची पाइपदेखील तिला ऐसपैस होतो. अडीच इंची पाइप घातला तर छेद गरजेच्या जवळजवळ सहापट होतो. शक्तीत भर पडत नाही, भर पडते ती आवाजात आणि बिलात. १९५० च्या सहा सिलिंडरी प्लिमथची शक्ती ९७ अश्वशक्ती सांगितली जाई. तिला आतून सुमारे दीड इंचाचा व्यास लागतो. पावणेदोन इंची पाइप तिला पुरतो.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. जुन्या अमेरिकन जाहिरातींतील अश्वशक्ती ही ढोबळ असे, निव्वळ नव्हे. इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा, डायनॅमो, प्रत्यक्ष गाडीतला सायलेन्सर असा कोणताही बोजा न लावता घेतलेला तो आकडा. साधारण १९७२ पासून तेथील कंपन्या निव्वळ आकडा देऊ लागल्या. १९७१ साली शेवरले कंपनीने आपल्या कॅमारो झेड-२८ या गाडीसाठी दोन्ही आकडे दिले होते. ढोबळ शक्ती ३३०, निव्वळ २७५. विक्री आणि नफा यांत जो फरक असतो, तोच हा. ढोबळ आकडा धरला तर दोन पाइपांपैकी प्रत्येकाचा आतला व्यास दोन इंच येतो. निव्वळ धरला तर पावणेदोन इंचाच्या किंचित वर. म्हणजे इतक्या दणकट व्ही-८ गाडीलाही दोन्ही बाजूंना दोन इंची पाइप पुरतात, आणि सव्वादोन इंची घातले तर सैल सोय होते. मग चार सिलिंडरी गाडीला अडीच इंची कशासाठी?

पाइप विकत घेताना इंचांचा अर्थही नीट विचारून घ्यावा. दुकानातील माप बहुधा बाहेरच्या व्यासाचे असते. १६ गेजच्या पत्र्याची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर. त्यामुळे दोन इंची पाइपचा आतला व्यास १.८७ इंच राहतो आणि छेद सुमारे आठव्या हिश्श्याने कमी भरतो. छेद व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हेही लक्षात असावे. दोन इंची दोन पाइप म्हणजे चार इंची एक पाइप नव्हे. त्या दोघांचा मिळून छेद पावणेतीन इंचांहून थोड्याच मोठ्या एका पाइपएवढा असतो. वळणांवरही तोटा होतो. साध्या दाबयंत्रावर वाकवलेला पाइप वळणाशी चपटा होतो आणि तेथे छेद घटतो. आत आधार घालून गोलाई राखत वाकवलेला पाइप महाग पडतो, पण त्याचे माप शेवटपर्यंत तेच राहते. चपट्या वळणांच्या अडीच इंची पाइपापेक्षा गोल वळणांचा सव्वादोन इंची पाइप पुष्कळदा सरस ठरतो. पैसे खर्चायचे असतील तर ते व्यासावर नव्हे, वळणांवर खर्चावेत.

मुळशीचा रस्ता या हिशेबात स्वतःच्या दोन नोंदी घालतो. पहिली चढाची. पिरंगुटचा घाट आणि पुढे ताम्हिणीची वळणे यांत जुनी गाडी भरधाव कधीच जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, कमी फेऱ्यांवर ती चढते. रुंद पाइपचा तोटा नेमका याच अवस्थेत होतो. शिवाय जाड पाइप गाडीखाली अधिक लोंबतो आणि गतिरोधकांवर घासतो. दुसरी नोंद पावसाची. ताम्हिणीच्या परिसरात राज्यातील सर्वाधिक पावसांपैकी एक पाऊस पडतो, आणि पाइप बाहेरून जितका भिजतो तितकाच आतूनही भिजतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी थोडी चालवून लगेच बंद केली तर ती वाफ पाइपमध्येच थिजते आणि लोखंड आतून गंजते. म्हणून महिन्यातून एकदा का होईना, गाडी पुरती तापेपर्यंत चालवावी, सायलेन्सरच्या तळाशी असलेले पाणी गळण्याचे छोटे भोक बुजू देऊ नये आणि शक्य असल्यास स्टेनलेस स्टीलचा पाइप घ्यावा. सुरुवातीला महाग, पण दर दोन-चार वर्षांनी करावा लागणारा खर्च वाचतो.

आवाजाचा प्रश्न केवळ हौसेचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये ध्वनिप्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि चालकाचा परवानाही तीन महिने जाऊ शकतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरवली आहे. मुळशीच्या खेड्यांत सकाळची शांतता याहूनही खोल असते. तेथे घुमणारा आवाज शेतकऱ्याच्या गोठ्यात, शाळेत आणि आजाऱ्याच्या खोलीत जातो. तो ज्याच्या कानी पडतो, त्याला त्या गाडीच्या अश्वशक्तीशी काहीच देणेघेणे नसते.

याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मग गुंगी येते आणि शुद्ध हरपते. जुन्या गाडीच्या तळाला गंजून छिद्रे पडलेली असतात. पाइपचे सांधे सैल राहिले, किंवा दिखाव्यासाठी पाइप गाडीखालीच आखूड कापला, तर हा वायू थेट आत शिरतो. पावसाळ्यात काचा बंद, इंजिन चालू आणि धबधब्यासमोर गाडी उभी, हे दृश्य ताम्हिणीत नेहमीचे आहे. मागच्या आसनावर लहान मुले आणि वृद्ध असतात. म्हणून पाइपचे टोक गाडीच्या मागील कडेबाहेर असणे, सर्व सांधे घट्ट असणे आणि तळाची छिद्रे बुजवलेली असणे, या तीन गोष्टी व्यासापेक्षाही आधी तपासाव्यात. उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे.

शेवटी वारशाचा मुद्दा. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी ती चालवता येत नाही. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. जाड पाइपला वाट देण्यासाठी एखाद्या उत्साही मिस्त्रीने चासीचा आडवा पट्टा कापला, तर तो तुकडा पुन्हा जोडता येतो, पण गाडीचे मूळपण परत येत नाही. ज्या गाडीचे मोल तिच्या जसेच्या तसे असण्यात आहे, तिचे तेच मोल आवाजाच्या मोहात गमावणे हा तोट्याचा सौदा होय.

तेव्हा गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी एका कागदावर इंजिनाची निव्वळ अश्वशक्ती, पाइपचा आतला व्यास, पत्र्याचे गेज आणि वळणांची पद्धत, एवढे लिहून न्यावे. जुना मूळ पाइप भंगारात देण्याआधी त्याचे माप घ्यावे, कारण कंपनीच्या अभियंत्यांनी हा हिशेब एकदा केलेला असतो. त्या मापापेक्षा पाव इंचाहून अधिक वाढ मिस्त्री सुचवू लागला, तर त्याला कारण विचारावे. तो आकड्याने उत्तर देऊ शकला तर ऐकावे. तो नुसता ‘आवाज भारी येईल’ म्हणाला, तर नम्रपणे नकार देऊन जुन्या मापाचाच पाइप बसवून घ्यावा.