विद्यार्थ्यांचं तर नाटक!

नोएडातल्या मराठी मित्राला म्हटलं, चल, मंडी हाऊसला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात मुलांची नाटकं लागलीत. तर म्हणतो, "शिकाऊ पोरांचं काय बघायचं?" डोकंच फिरलं!

अरे बाबा, १९६३ साली फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींत गाजलेलं 'अंधा युग' याच विद्यालयाचं. बसवलं इब्राहिम अल्काझींनी, आपल्या पुण्यात जन्मलेल्या. आजही त्याचं नाव निघतं.

इथे गल्ल्याची चिंता नसते, म्हणून धाडस होतं. चुकतातही पोरं. पण आपण तरी टेस्टिंगशिवाय कोड लाइव्ह करतो का? नाटकाचं टेस्टिंग प्रेक्षकच करतात. रिकाम्या खुर्च्यांपुढे पोरं काय शिकणार?

मल्टिप्लेक्स कुठे पळत नाही. ही नाटकं मोजक्या प्रयोगांत संपतात. नाही गेलात, तर "रंगभूमीवर नवीन काही येतच नाही" म्हणून रडू नका म्हणजे झालं!