एका अक्षराची किंमत

८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने सिकलसेल या रक्तविकारावरील एका नव्या उपचाराला मान्यता दिली. ब्रिटनने ती तीन आठवडे आधीच दिली होती. 'कॅसजेव्ही' या नावाचा हा उपचार म्हणजे 'क्रिस्पर' तंत्राने मानवी पेशीतील डीएनएमध्ये फेरफार करून रोग आटोक्यात आणणारे, मान्यता मिळालेले जगातील पहिले औषध. विज्ञानाच्या इतिहासात या घटनेची नोंद ठळकपणे होईल यात शंका नाही. परंतु अमेरिकेत मान्यतेपाठोपाठ एक आकडाही जाहीर झाला. एका रुग्णाच्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने सुमारे १८ कोटी रुपये.

हा रोग प्रामुख्याने कोणाचा आहे? आफ्रिकेतील दरिद्री देशांचा, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आणि भारतातील आदिवासींचा. महाराष्ट्रात नंदुरबारच्या पाड्यांपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत आणि विदर्भातील अनेक गावांत त्याचे रुग्ण आहेत. रोग गरिबाचा आणि औषध कुबेराचे, अशी ही विसंगती आहे. ती केवळ 'कंपन्यांचा लोभ' या दोन शब्दांनी उलगडत नाही. ती समजून घ्यायची तर डीएनए म्हणजे काय आणि त्यावर शास्त्रज्ञ हत्यार चालवतात म्हणजे नेमके काय करतात, हे प्रथम पाहावे लागेल.

चार अक्षरांची लिपी

मानवी शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. त्याची रचना पीळ दिलेल्या शिडीसारखी आहे, हे वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या निष्कर्षाला रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्राचा मोठा आधार होता. या शिडीच्या पायऱ्या चारच रासायनिक घटकांच्या बनलेल्या आहेत : ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. ॲडेनीनसमोर नेहमी थायमीन आणि ग्वानीनसमोर नेहमी सायटोसीन येते. त्यामुळे शिडी मधोमध उकलली की प्रत्येक अर्ध्या भागावरून दुसरा अर्धा भाग बिनचूक घडविता येतो. पेशीची एकाची दोन होताना वारसा कसा उतरतो, याचे रहस्य एवढेच आहे.

हे चार घटक म्हणजे जणू चार अक्षरांची लिपी. तिच्यात तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि बहुतेक शब्द एकेका ॲमिनो आम्लाचा निर्देश करतात. पेशी त्या क्रमाने ॲमिनो आम्ले ओवते आणि त्या माळेतून प्रथिन तयार होते. स्नायू, पाचक रस, रक्तातील हिमोग्लोबिन ही सारी प्रथिनांची किमया आहे. एका प्रथिनाची कृती ज्या मजकुरात लिहिलेली असते, त्याला ढोबळमानाने जनुक म्हणता येईल. मानवाच्या एका संपूर्ण जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आणि सुमारे २० हजार अशी जनुके आहेत. या लिपीचा शब्दकोश उलगडण्याच्या कार्याबद्दल १९६८ मध्ये ज्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत अविभक्त पंजाबातील एका खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना होते.

सिकलसेल हा या ३०० कोटींपैकी एका अक्षराचा रोग आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती सांगणाऱ्या जनुकात ॲडेनीनच्या जागी थायमीन येते. त्यामुळे साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. इतक्या अल्प बदलाने प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबड्या पेशी वाटोळ्या न राहता विळ्यासारख्या होतात. या विळ्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदनांचे झटके, पंडुरोग, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि अनेकदा अकाली मृत्यू असा क्रम सुरू होतो.

अक्षरातील ही चूक निसर्गाने पुसून का टाकली नाही? कारण आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच ती आली, तर ती व्यक्ती सहसा आजारी पडत नाही. उलट तीव्र हिवतापापासून तिला बरेच संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्पिढ्या हिवताप होता, तेथे हे अक्षर टिकले. जंगलात राहून डासांशी झुंजलेल्या समाजांना त्या झुंजीची किंमत आजही मोजावी लागते आहे. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक असते.

उसनी हत्यारे

डीएनए वाचता येऊ लागल्यावर तो बदलण्याची इच्छा होणे स्वाभाविक होते. त्यासाठी लागणारी कात्री मात्र मानवाने घडविली नाही. ती त्याने जिवाणूंकडून उसनी घेतली. विषाणू हल्ला करतात तेव्हा त्यांचा डीएनए विशिष्ट जागी तोडणारी विकरे जिवाणूंजवळ असतात. या विकरांच्या साह्याने १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका सजीवाच्या डीएनएचा तुकडा जिवाणूतील वर्तुळाकार डीएनएमध्ये सांधला. जिवाणू वाढू लागला, तसतशा त्या तुकड्याच्याही प्रती निघू लागल्या. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनची कृती याच पद्धतीने जिवाणूंच्या हाती देण्यात आली आणि १९८२ मध्ये ते इन्सुलिन बाजारात आले. तोपर्यंत मधुमेही रुग्णांचा आधार म्हणजे कत्तलखान्यातील गुरांची आणि डुकरांची स्वादुपिंडे होती.

ही पहिली कात्री ठरावीक खुणांवरच चालत असे. 'क्रिस्पर' हे जिवाणूंचेच दुसरे संरक्षणतंत्र. परंतु त्यात कात्रीसोबत एक वाटाड्या असतो. आरएनएचा छोटासा धागा कात्रीला नेमक्या मजकुरापाशी घेऊन जातो. हा वाटाड्या हवा तसा लिहिता येतो आणि त्यामुळे कात्री हव्या त्या जागी नेता येते, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ मध्ये सिद्ध केले. २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅसजेव्हीची युक्ती मोठी चतुर आहे. या उपचारात चुकलेले अक्षर दुरुस्त केले जातच नाही. गर्भावस्थेत प्रत्येकाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे उत्पादन जवळजवळ थांबते. ते थांबविणारी कळच क्रिस्परने निकामी केली जाते. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यावर कात्री चालवतात. मग तीव्र औषधांनी अस्थिमज्जेतील जुन्या पेशी नष्ट करून त्या जागी बदललेल्या पेशी सोडतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणे बव्हंशी थांबते.

येथेच किमतीचा काही भाग समजतो. ही गोळी नव्हे की जी एकदा साधली म्हणजे लाखोंनी पाडता येते. प्रत्येक रुग्णाचे औषध त्याच्याच पेशींतून स्वतंत्रपणे तयार करावे लागते. त्याला अत्यंत निर्जंतुक प्रयोगशाळा, कुशल मनुष्यबळ आणि दीर्घ रुग्णालयवास लागतो. संशोधनातील अपयशांचा खर्चही यशस्वी औषधावरच टाकला जातो. हे सारे मान्य केले, तरी १८ कोटींचा आकडा केवळ खर्चाच्या बेरजेतून येत नाही. जन्मभराच्या आजारपणावरील जो खर्च वाचतो, त्या वाचणाऱ्या रकमेशी उपचाराची किंमत जोडली जाते. विक्रेता एकटा असला आणि ग्राहकाला जिवाची भीती असली, की बाजारातील घासाघीस नावापुरतीच उरते.

पेटंट आणि शर्ती

यावर पेटंटच नकोत, असे एक सोपे उत्तर दिले जाते. इतिहास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. १९२३ मध्ये इन्सुलिनच्या शोधकर्त्यांनी आपले पेटंट एकेका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्याच इन्सुलिनचे दर पुढे अमेरिकेत इतके चढले, की बरोबर शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, लोकमताच्या रेट्याखाली तीन बड्या उत्पादकांना दरकपात जाहीर करावी लागली. संशोधकांची उदारता उत्पादकांवर आपोआप बंधनकारक होत नाही, हा त्याचा अर्थ.

याउलट उदाहरण कोहेन-बॉयर तंत्राचे. त्याचे पेटंट १९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाला मिळाले. विद्यापीठाने ते कोणा एका कंपनीला न विकता वाजवी शुल्कावर मागेल त्याला परवाना देण्याचे धोरण ठेवले. शेकडो कंपन्यांनी परवाने घेतले. १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत २५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले आणि तंत्रही सर्वत्र पसरले. तेव्हा पेटंट आहे की नाही, यापेक्षा ते कोणत्या शर्तींवर वापरू दिले जाते, हा प्रश्न मोलाचा ठरतो.

भारताचा अनुभवही हेच सांगतो. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये जनुकतंत्राने बनविलेली काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची, देशी लस बाजारात आणली. तोपर्यंत परदेशी लशीच्या एका मात्रेला शेकडो रुपये पडत. देशी स्पर्धा सुरू होताच किंमत झपाट्याने कोसळली आणि पुढे ही लस बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट होऊ शकली. २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी भारताने सक्तीचा परवाना दिला. महिन्याच्या उपचाराची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आली.

परंतु हे दुसरे हत्यार जनुकीय उपचारांवर तितकेसे चालणार नाही. गोळीचे रसायन माहीत झाले की ती बनविता येते. पेशींवरील प्रक्रियेचे कसब मात्र कायद्याच्या कलमाने हस्तांतरित होत नाही. ते देशातच कमवावे लागते. मुंबईच्या आय.आय.टी.ने आणि टाटा स्मारक रुग्णालयाने मिळून ते कमविले. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत नवे जनुक घालून त्या कर्करोगावर सोडणारा 'नेक्सकार-१९' हा उपचार त्यांच्या संशोधनातून उभा राहिला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशातील तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होतो. अर्थात तो दशांशही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे, हे विसरता येणार नाही.

निर्णयाची वेळ

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेलवरील देशी क्रिस्पर-उपचाराची घोषणा केली. दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या उपचाराला बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ 'बिरसा १०१' असे नाव देण्यात आले आणि तंत्रज्ञानासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्याचे नाव दिले, त्याच्या समाजापर्यंत उपचार पोचेल की नाही, हे नावावरून ठरत नाही. मूळ संशोधन करदात्यांच्या पैशातून झाले असेल, तर करारात किमतीची कमाल मर्यादा, सरकारी रुग्णालयांसाठी राखीव पुरवठा आणि ठरावीक मुदतीत उत्पादन न झाल्यास दुसऱ्या उत्पादकाला परवाना देण्याचा हक्क, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत आणि त्या जनतेसमोर ठेवल्या पाहिजेत. औषध तयार झाल्यावर किमतीविषयी विनवण्या करण्यापेक्षा तंत्र हस्तांतरित करतानाच शर्त घालणे शहाणपणाचे.

एक आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. जेथे साधी रक्ततपासणी होत नाही, तेथे जनुकांच्या कात्रीच्या गोष्टी कशाला? हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध नियमित मिळाले, तर वेदनेचे झटके पुष्कळ कमी होतात. लसी आणि प्रतिजैविके वेळेवर मिळाली, तर अनेक बालके वाचतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासीबहुल भागातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन ही उद्दिष्टे ठेवली आहेत. तिचे यश तपासणी-पत्रिकांच्या संख्येवर मोजून चालणार नाही. पत्रिका मिळालेल्या रुग्णाला आरोग्य उपकेंद्रात दर महिन्याला गोळ्या मिळतात का, यावर ते मोजले पाहिजे. हा पहिला खर्च होय आणि तो कात्रीच्या नावाखाली कापला जाता कामा नये. मात्र गरिबाला गोळी आणि श्रीमंताला कायमचा इलाज, अशी वाटणी नित्याची मानण्याचेही कारण नाही. गोळी आज हवी आणि इलाजाची तयारीही आजच हवी.

एक मर्यादा मात्र स्पष्ट असावी. रुग्णाच्या रक्तपेशींतील बदल त्याच्याबरोबर संपतो. भ्रूणातील बदल पुढील पिढ्यांत उतरतो. २०१८ मध्ये चीनमधील एका शास्त्रज्ञाने भ्रूणांवर हा प्रयोग केल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर निषेध झाला आणि पुढील वर्षी त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्यांची संमती घेणे शक्यच नाही, त्यांच्या वारशावर कात्री चालविण्याचा अधिकार कोणत्याही प्रयोगशाळेला देता येणार नाही.

डीएनएची लिपी कोणा एकाने लिहिलेली नाही. ती वाचण्याचे शास्त्र अनेक देशांच्या सार्वजनिक पैशावर उभे राहिले आणि ती बदलण्याची हत्यारे जिवाणूंकडून मिळाली. त्यावर कष्ट घेणाऱ्याला, भांडवल घालणाऱ्याला मोबदला जरूर मिळावा. पण एका अक्षराच्या चुकीने ज्याचे आयुष्य अर्ध्यावर तुटते, त्याच्या दारापर्यंत ही विद्या पोचवायची की नाही, हा निर्णय विज्ञानाने घ्यायचा नसतो. तो करारावर सही करणाऱ्यांनी घ्यायचा असतो, आणि त्यांच्याकडून त्याचा हिशेब नागरिकांनी मागायचा असतो.